वाहनचालकातील भ्रम व तमःप्रवेश : एक न विचारलेला प्रश्न



आपल्या चिकित्सालयात दिवसाकाठी येणाऱ्या रुग्णांमध्ये 'चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते' असे सांगणारा एक तरी रुग्ण असतोच. आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, क्षुधा-मल-निद्रेची चौकशी करतो. पित्ताचा अनुबंध दिसला की सूतशेखर आणि दौर्बल्य दिसले की एखादा बल्य कल्प लिहून देतो. बहुतेकांना बरेही वाटते. या सरावाच्या वाटेने जाताना एक साधा प्रश्न मात्र आपल्याकडून राहून जातो. तो राहून गेल्याने काय घडू शकते, हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. ही चूक व्यवसायबंधूंपुढे मांडताना संकोच वाटतो. तथापि ती झाकून ठेवण्यात कोणाचेच हित नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी रावेर तालुक्यातील सुमारे ४५ वर्षांचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. दोन महिन्यांपासून रात्रीच्या पहिल्या प्रहरी एकाएकी घाम सुटणे, छातीत धडधडणे, चक्कर येणे व समोरचे दिवे धूसर, क्वचित दुहेरी दिसणे ही लक्षणे होती. अन्यत्र हृदयाचा आलेख व मानेचे क्ष-किरण चित्र काढून झाले होते, दोन्ही निर्दोष होती. 'काही निघाले नाही' असे सांगून त्यांना परत पाठविण्यात आले होते. व्यवसाय विचारता 'केळीच्या कामात आहे' असे उत्तर मिळाले. आम्ही ते बागायतदार अथवा व्यापारी असावेत असे गृहीत धरले. घाम, दाह, अम्लोद्गार व जागरण पाहून पित्तप्रधान भ्रम असे निदान केले, सूतशेखर व कामदुधा दिले आणि पंधरा दिवसांनी बोलाविले.

दहाव्याच दिवशी त्यांचे बंधू आमच्याकडे आले. आमचे हे 'केळीच्या कामातील' गृहस्थ प्रत्यक्षात केळीने भरलेला ट्रक सुरतेकडे नेणारे चालक होते. एरंडोल सोडून पारोळ्याकडे जात असता रात्री साडेनऊच्या सुमारास त्यांचे हात सैल पडले, गाडी रस्ता सोडून कडेला उतरली, आणि शेजारी बसलेल्या क्लीनरने ओरडून स्टिअरिंग फिरविले म्हणून ती शेताच्या बांधाला अडून थांबली. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. जवळच्या रुग्णालयात रक्तातील साखर तपासली, ती ४८ मिलिग्रॅम भरली.

पुढे त्यांच्याशी सविस्तर बोलणे झाले तेव्हा सारा उलगडा झाला. मधुमेहाची गोळी ते सायंकाळी गाडी काढतानाच घेत. जोडीला एका दुकानातून आणलेले 'शुगरचे चूर्ण' चालू होते. जेवण मात्र धुळे ओलांडल्यावर, कधी मध्यरात्री, ढाब्यावर. आम्ही विचारले, "भाऊ, हे आधी का नाही सांगितले?" त्यांचे उत्तर आजही आमच्या कानात आहे: "डॉक्टरसाहेब, तुम्ही विचारलं नाही. आणि सांगितलं असतं तर तुम्ही गाडी बंद करा म्हटलं असतं."

या दोन वाक्यांत या विषयाचे सारे मर्म आले. वैद्य विचारत नाही आणि रुग्ण सांगत नाही; मधल्या पोकळीत गाडी धावत असते.

एक शब्द, अनेक व्याधी

'चक्कर' हा लोकव्यवहारातील शब्द फार सैल आहे. माधवकरांनी मूर्च्छा, भ्रम, निद्रा, तंद्रा व संन्यास यांचे निदान एकाच प्रकरणात सांगितले, परंतु त्यांचे हेतू वेगळे केले. मूर्च्छेत पित्त व तम, भ्रमात रज, पित्त व वात, तर तंद्रेत तम, वात व कफ. हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. चालकाच्या बाबतीत त्यावर प्राण अवलंबून असतात.

आमचा अनुभव असा की, अनेक चालक तंद्रेलाच चक्कर म्हणतात. स्टिअरिंगवर डोळा लागतो हे मालकापुढे, घरच्यांपुढे, इतकेच काय वैद्यापुढेही कबूल करणे त्यांना कमीपणाचे वाटते. चक्कर आली म्हटले की तो आजार ठरतो. म्हणून विचारावे : सभोवतालचे फिरते की स्वतःचा तोल जातो? मान वळविताच येते की बसून उठल्यावर? डोळ्यांपुढे काळे होते की धूसर दिसते? आधी जांभया येतात का? मागील दहा मैलांचा रस्ता आठवतो का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, तर तो बहुधा भ्रम नव्हे, झोप आहे. तेथे औषधाचे काम नसून विश्रांतीचे आहे.

केबिनमध्ये एकत्र येणारे हेतू

रज, पित्त व वात हे भ्रमाचे तिन्ही घटक एकाच जागी पाहावयाचे असतील, तर मे महिन्यात जळगाव–धुळे रस्त्यावरील मालट्रकची केबिन पाहावी. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. त्यात इंजिनाची धग. रात्रीचे जागरण, सतत हादरे, वेळी-अवेळी भोजन यांनी वायूचा प्रकोप. ढाब्यावरची तर्रीदार शेवभाजी, वारंवार चहा, तंबाखू व गुटखा यांनी पित्ताचा प्रकोप. आणि माल नासण्यापूर्वी पोहोचविण्याची घाई, हप्त्याची चिंता, मालकाचे फोन यांनी मनातील रजाची वृद्धी. तिन्ही हेतू एकाच आसनावर बसलेले असतात.

यात वेगधारणाची भर पडते. चरकाचार्यांनी क्षुधेचा वेग धारण केल्याने होणाऱ्या लक्षणांत भ्रमाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. वाग्भटांनी अष्टांगहृदयातील रोगानुत्पादनीय अध्यायात तृष्णावेगधारणाचे फल सांगताना संमोह व भ्रम ही लक्षणे दिली. निद्रावेग धारण केल्याने तंद्रा व नेत्रांचे जडत्व येते, हेही चरकांनी सांगितले. आपला चालक या तिन्ही वेगांचे धारण एकाच रात्रीत करतो. पाणी प्यायले तर थांबावे लागेल, म्हणून पाणीच पीत नाही. महिला चालकांत आणि दुचाकीवरून दूरवर नोकरीस जाणाऱ्या भगिनींत हे विशेष आढळते, कारण वाटेत स्वच्छतागृहाची सोय नसते.

खानदेश हा कपाशीचा मुलूख. फवारणीच्या हंगामात 'चक्कर व धूसर दिसणे' ही तक्रार आली, तर फवारणी केली का, हे अवश्य विचारावे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेत बाहुली सुईच्या टोकाएवढी आकसते, लाळ व घाम सुटतो, दृष्टी अंधुक होते. असा शेतकरी पंप धुऊन मोटारसायकलवर घरी निघतो, तेव्हा तोही वाहनचालकच असतो. येथे विलंब न लावता रुग्णालय हीच चिकित्सा.

'रिपोर्ट नॉर्मल' आल्यावर

कारण सापडले नाही याचा अर्थ कारण नाही असा होत नाही. पुष्कळदा तपासणी झालेली असते ती सकाळी, विश्रांतीनंतर, जेवून. आणि चक्कर येते ती रात्री, उपाशीपोटी, गाडीवर. म्हणून आम्ही आता पुढील क्रम ठेवला आहे.

१. रक्तदाब झोपवून पाच मिनिटांनी, व नंतर उभे करून एक आणि तीन मिनिटांनी मोजणे. वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर उठताना येणाऱ्या अंधारीचे कारण हाती लागते. रक्तदाबाच्या गोळ्या, मूत्रल औषधे, अतिसार व घाम यांची चौकशी करावी.

२. लक्षणे येतात त्याच वेळी रक्तातील साखर पाहणे. ७० च्या खाली असेल तर निदान झाले. मधुमेही चालकाजवळ साखर मोजण्याचे छोटे यंत्र असावे, हे आग्रहाने सांगावे.

३. पांडुतेसाठी हिमोग्लोबिन पाहणे.

४. कूस बदलताना अथवा वर पाहताना क्षणभर गरगरत असेल, तर आंतरकर्णातील कणांचे स्थानांतर हे कारण असू शकते. ते विशिष्ट हालचालींनी बरे होण्याजोगे आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे.

५. नेत्रपरीक्षण. चष्म्याचा क्रमांक, मोतीबिंदू, मधुमेहजन्य पडद्याचे विकार आणि काचबिंदू. रात्री दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, असे चालकाने सांगितले तर ते हसण्यावारी नेऊ नये.

६. केबिनमध्ये धुराचा वास येतो का? बंद केबिनमध्ये शिरणाऱ्या धुराने डोके दुखणे व चक्कर ही लक्षणे दोघांनाही, म्हणजे चालकास व क्लीनरलाही होतात. येथे वैद्याआधी मेकॅनिक गाठावा लागतो.

एकाएकी दुहेरी दिसणे, बोबडी वळणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, पूर्वी कधी नव्हती अशी तीव्र शिरोवेदना, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही असल्यास चिकित्सेचा प्रयोग करीत बसू नये. जळगाव व धुळे या दोन्ही जिल्हास्थानी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. रुग्ण वेळेत तेथे पोहोचविणे ही आपली कमतरता नव्हे, ते आपले कर्तव्य आहे.

हे सारे निर्दोष असूनही काही चालकांना मोकळ्या, रुंद रस्त्यावरच चक्कर येते, गाडी एका बाजूस ओढली जाते असे वाटते; गल्लीबोळांत मात्र काही होत नाही. हे सोंग नव्हे. १९८५ मध्ये पेज व ग्रेस्टी या संशोधकांनी मोटारचालकांतील अशाच अवस्थेचे वर्णन केले. आंतरकर्ण, डोळे व शरीर यांच्याकडून येणाऱ्या ज्ञानाचा मेळ बिघडला, आणि त्यात भीतीने भर घातली, की असे घडते. आपल्या परिभाषेत येथे रजाचा भाग प्रबळ आहे. अशा रुग्णास 'तुम्हाला काही झालेले नाही' हे वाक्य औषधापेक्षा अधिक दुखावते.

आपल्याच कपाटातील औषधे

आता थोडे अप्रिय, पण आवश्यक. चक्कर घालविण्यासाठी आपण देतो त्या कल्पांकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. कनकासवात धत्तूर आहे; सूतशेखरात शुद्ध धत्तूरबीज आहे. धत्तूर बाहुली विस्फारतो व जवळचे धूसर दिसते, हे आपण सारे जाणतो. शास्त्रोक्त शोधन व योग्य मात्रा असता त्रास सहसा होत नाही. परंतु रुग्ण स्वतःच मात्रा दुप्पट करतो, वृद्ध असतो, काचबिंदूचा असतो, अथवा तत्सम गुणाचे आधुनिक औषध घेत असतो, तेव्हा तेच औषध लक्षण वाढवू शकते. बाहुली लहान की मोठी, हे विजेरीने पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

सर्पगंधा रक्तदाब उतरविते व ग्लानी आणते. आधुनिक गोळ्यांच्या जोडीस ती गेली की उभ्या चालकास अंधारी येऊ शकते. गुडमार, मामेजवा, कारले यांची चूर्णे मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर घेतली व जेवण चुकले, तर काय होते ते वर सांगितलेच आहे.

चिकित्सेविषयी आमचे मत असे की, निदानपरिवर्जन हाच येथे मुख्य योग आहे. त्यानंतर दोषानुसार धमाशाचा काढा घृतासह, किंवा शतावरी, बलामूल व मनुका यांनी सिद्ध दूध, हे ग्रंथोक्त सौम्य योग योजावेत. कोणताही नवा कल्प प्रथम सुटीच्या दिवशी घ्यावा, गाडीवर बसण्यापूर्वी नव्हे, हे औषधपत्रावर लिहावे.

फार्मसीचालक मित्रांस विनंती

चालक वैद्याकडे येण्याआधी तुमच्या काउंटरवर येतो. सर्दीची, खाजेची, मळमळीची गोळी तो सहज मागून नेतो. त्यांतील अनेक गोळ्या झोप आणतात. 'गाडी चालवायची आहे का?' हे चार शब्द तुमच्या तोंडून गेले तरी पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट आसव-अरिष्टांची. त्यांत स्वयंजात मद्यार्क साधारणतः ५ ते १० टक्के असतो. चार चमचे, म्हणजे २० मिलिलिटर अरिष्ट पाण्यातून घेतल्यास रक्तातील मद्यार्क नगण्य राहतो. घेतल्याबरोबर फुंकर मारली तर यंत्र मात्र फसू शकते, म्हणून तोंड धुऊन काही वेळ थांबावे. परंतु ४५० मिलिलिटरची अर्धी बाटली एका बैठकीत रिचविणाऱ्याच्या पोटात सुमारे १८ ग्रॅम मद्यार्क जातो, आणि मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा तो सहज ओलांडू शकतो. आठवड्यास तीन बाटल्या नेणारे गिऱ्हाईक कोणते आणि ते का नेते, हे तुम्हास ठाऊक असते. त्यास बाटली नाकारण्याने धंदा बुडत नाही.

तिसरी गोष्ट, लेबल नसलेल्या 'शुगर'च्या व सांधेदुखीच्या पुड्यांची. त्यांत काय आहे हे विकणारा सांगू शकत नसेल, तर त्या विकू नयेत.

गाडी थांबते तेव्हा चूलही थांबते

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर अंतर कापते. डोळ्यांपुढची अंधारी ओसरण्यास तीन सेकंद पुष्कळदा पुरत नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटून किमान १५ मजूर ठार झाले. त्या अपघाताचे कारण चालकाची चक्कर होते असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. सांगावयाचे इतकेच की, आपल्या भागात मालावर माणसे बसलेली असतात; एका चालकाचा तोल हा अनेकांचा तोल असतो. याउलट जानेवारी २०२२ मध्ये पुणे जिल्ह्यात सहलीहून परतणाऱ्या बसचा चालक फिट येऊन असाहाय्य झाला, तेव्हा वाघोलीच्या एका महिलेने स्वतः बस चालवून सर्वांना सुखरूप नेले व त्या चालकास उपचार मिळवून दिले. शेजारी गाडी हाकू जाणणारे माणूस असणे केवढे मोलाचे, हे त्यातून दिसते.

कायद्यानेही ही बाब ओळखली आहे. परवान्यासाठी भरून द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रात कोणत्याही कारणाने चक्कर वा शुद्ध हरपण्याचे झटके येतात का, असा प्रश्न आहे. आणि शारीरिक दृष्ट्या असमर्थ असता वाहन चालविणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८६ नुसार गुन्हा आहे. परंतु केवळ कायदा दाखविल्याने चालक खरे बोलू लागत नाही. त्याच्या घरची चूल त्या चाकावर फिरते. म्हणून 'गाडी बंद करा' एवढेच सांगून आपण मोकळे होऊ नये. किती दिवस बंद, कोणत्या तपासणीनंतर पुन्हा सुरू, तोवर दिवसाची जवळची फेरी तरी करता येईल की तीही नाही, हे स्पष्ट सांगावे. रुग्णाची संमती असल्यास मालकास चिठ्ठी द्यावी. आमच्या त्या रुग्णाने सहा आठवडे गाडी सोडली. त्या काळात त्यांच्या डॉक्टरांनी गोळी बदलली, आम्ही चूर्ण बंद करविले, जेवणाची वेळ सूर्यास्ताच्या सुमारास आणली. साखर स्थिर झाल्यावर ते पुन्हा रस्त्यावर आले, आता डबा घरून घेऊन.

प्रत्येक चालकास पुढील सूचना मराठीत छापून द्याव्यात :

• अंधारी, घाम, धूसरपणा जाणवताच 'पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ' असे म्हणू नये. पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, डावा सिग्नल द्यावा, हळूहळू कडेस थांबावे, चारही दिवे लुकलुकते ठेवावेत, इंजिन बंद करावे.
• मधुमेह असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, मग काही खावे. साखर पूर्ववत झाल्यावरही किमान पाऊण तास गाडी हलवू नये. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काही घालू नये.
• मदतीसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.
• उपाशी, तहानलेले व जागे राहून गाडी काढू नये. दर दोन-अडीच तासांनी उतरावे, पाणी प्यावे, वेग अडवू नयेत.
• कारण समजेपर्यंत एकट्याने वाहन चालवू नये.

वैद्यबंधूंनो, आमच्या नोंदवहीत आता नाव, वय व गाव यांच्या खाली एक ओळ छापली आहे : 'वाहन चालविता काय? कोणते, केव्हा, किती वेळ?' ही ओळ छापण्यास काहीही खर्च आला नाही. ती आधी असती, तर एरंडोल–पारोळ्याच्या त्या रात्री एक ट्रक बांधाच्या भरवशावर थांबला नसता. आपणही आपल्या नोंदवहीत ही ओळ घालावी, एवढीच नम्र विनंती करून लेख पुरा करतो.